पुण्याची घटमांडणी

आमच्या गावाचं नाव वरवट बकाल. बाहेरच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो आधी हसू दाबतो आणि मग चाचरत विचारतो, "बकाल म्हणजे... तेच ना?" मराठीत बकाल म्हणजे गचाळ, दाटीवाटीचं, बघवत नाही असं. खरं म्हणजे अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ वाणी, धान्य-किराणा विकणारा. आमच्या गावाचं नाव अशाच कुणा सज्जन व्यापाऱ्यावरून पडलं असावं, असं मी आपला धरून चालतो. दुसरा अर्थ धरला तर पोष्टाचा पत्ता सांगताना मान खाली घालावी लागेल.

गंमत अशी, की वर्तमानपत्रात 'बकाल' हा शब्द मी आमच्यासारख्या खेड्यासाठी वापरलेला कधी वाचला नाही. तो नेहमी शहरांसाठी राखून ठेवलेला असतो. शहर बकाल होत चाललंय, उपनगरं बकाल झाली, अशी हळहळ व्यक्त होत असते. त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी, "बाबा, आता तुम्ही दोघं पुण्यालाच या," असा प्रस्ताव मांडला, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर नावाच्या बकालातून वर्णनाच्या बकालात जायचं एवढंच! त्यात चिरंजीवांचा फ्लॅट वाकडला. म्हणजे बकाल सोडून वाकडला जायचं. नावाच्या बाबतीत तरी प्रगती म्हणावी असं काही दिसेना.

पण त्यांच्या वाक्यातला 'च' मात्र माझ्या ध्यानात आला. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवल्याचा हा परिणाम. 'पुण्याला या' म्हणजे आठ दिवस राहा, नातवाला खेळवा, तूप घेऊन या आणि जाताना रिकामा डबा परत न्या. 'पुण्यालाच या' म्हणजे घराला कुलूप लावा, चार एकर बटाईनं द्या, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे ठेवायची ते ठरवा. एका अक्षरात माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे करण्याची ताकद मराठी भाषेत आहे, हे मी मुलांना चौतीस वर्षं शिकवलं. आता ते मला मुलाकडून शिकावं लागलं.

शेवटी तोडगा निघाला. एकदम निर्णय नको. एका शनिवार-रविवारी दोघांनी यायचं, 'राहायचं ठिकाण' म्हणून पुणं पाहायचं आणि मग काय ते ठरवायचं. पुण्याला आम्ही याआधी चार-पाच वेळा गेलो होतो, पण पाहुणे म्हणून. पाहुण्याला शहर दिसत नाही, पाहुणचार दिसतो.

"उरलेलं आयुष्य कुठं काढायचं ते दोन दिवसांत कसं ठरणार?" मी सौभाग्यवतींना म्हणालो.

"आपलं लग्न वीस मिनिटांत ठरलं," त्या म्हणाल्या. "त्यातली दहा मिनिटं तुम्ही पोहे खात होता."

"पण पोहे उत्तम होते."

"ते माझ्या मामीनं केले होते."

अडतीस वर्षांनी ही माहिती माझ्या हाती आली. हिचं तात्पर्य एवढंच, की पाहायला गेल्यावर जे पुढ्यात येतं ते नेहमी मामीच्या हातचं असतं. पुण्यालाही एखादी मामी असणारच. तेव्हा यावेळी पोहे बाजूला ठेवून स्वयंपाकघरात डोकवायचं, हे पहिलं धोरण ठरलं.

आता पुणं काही आम्हाला पूर्वीपासून जवळचं नव्हे. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत आमचा बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि आमची राजधानी नागपूर. पुणं मुंबई राज्यात. म्हणजे माझ्या वडिलांच्या तरुणपणी पुणं अक्षरशः परप्रांतात होतं. त्यांच्या दृष्टीनं शहर म्हणजे कापूस विकायला खामगाव, कोर्टकचेरीला बुलढाणा आणि मोठा डॉक्टर म्हणजे अकोला. याच्या पलीकडे जायचं ते पंढरपूरला. शेगावची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. निघायची तारीख ठरलेली, वाटेतले मुक्काम ठरलेले आणि परत यायचंही ठरलेलं. आमच्याकडचा माणूस कितीही लांब चालायला तयार असतो, फक्त त्याला परतीची तारीख लागते. चिरंजीवांच्या प्रस्तावात नेमकी तेवढीच नव्हती.

असो. प्रवासाचा बेत आखायला बसलो आणि पहिलाच प्रश्न आला तो 'वीकएंड'चा. शहरात आठवडा शुक्रवारी संध्याकाळी संपतो. आमच्याकडे तो बाजाराच्या दिवशी सुरू होतो आणि बाजाराच्याच दिवशी संपतो. मधे त्याला 'एंड' म्हणून नसतोच. बरं, कुठला शनिवार-रविवार? जून-जुलैत पेरण्या. श्रावणात सण. पोळ्याला बैल नसले तरी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे जावं लागतं. दसरा-दिवाळीला सोयाबीन घरात यायचं आणि कपाशी फुटायची. वेचणीला बाया मिळवणं हे मुलीला स्थळ मिळवण्यापेक्षा कठीण. मग तूर, मग हरभरा, आणि हरभरा संपतो न संपतो तोच लग्नसराई. मी कॅलेंडर तीनदा उलटंसुलटं केलं. बावन्न आठवड्यांत एक मोकळा शनिवार सापडेना. नोकरी संपल्यावर माणूस मोकळा होतो, हे वाक्य ज्यानं प्रथम लिहिलं त्याचं गावात घर नसणार.

अखेर अक्षय तृतीयेनंतरचा एक शनिवार कॅलेंडरच्या सांदीत सापडला.

मग जायचं कसं? वरवट बकालहून शेगाव स्टेशन वीस-पंचवीस किलोमीटर. तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस भुसावळ, मनमाड, दौंड असं करत रात्रभरात पुण्याला पोचवते. पण आरक्षण पाहिजे. पूर्वी चार महिने आधी तिकीट काढता येत असे, ती मुदत १ नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवसांची झाली. साठाव्या दिवशी सकाळी देशातली सगळी माणसं एकाच वेळी मोबाईलवर बोट ठेवून बसतात. ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२०मध्ये बंद झाली ती झालीच. सौभाग्यवतींचा कौल एस.टी.ला. मार्च २०२३पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे आणि तेव्हापासून त्यांना महाराष्ट्रातल्या सगळ्या गावांविषयी आपुलकी वाटू लागली आहे. पुरुषाला अर्धं तिकीट व्हायला वयाची पासष्ट वर्षं पुरी व्हावी लागतात. माझी त्रेसष्ट.

"दोन वर्षं थांबू या का?" मी विचारलं. "दोघांचंही अर्धं होईल."

"तिकीट अर्धं होईल, गुडघे पण अर्धे होतील," त्या म्हणाल्या. रेल्वेचं तिकीट काढलं.

एवढं होईपर्यंत आम्ही पुण्याला 'पाहाले' चाललो ही बातमी गावभर झाली होती. स्टँडवर चहाच्या टपरीशी मी टेकलो, की सल्ले सुरू. आमच्या वऱ्हाडात सल्ला मागावा लागत नाही. तो हवेत असतो, आपण फक्त उभं राहायचं.

"गुरुजी, काहून चाल्ले बाप्पा पुन्याले?" एकानं विचारलं.

"राहता येईल का ते पाहायला."

"मंग वापस येता का तथीच राहता?"

"रविवारी रात्रीच्या गाडीनं परत."

"दोन दिवसात काय समजते? आमचा बैल त बजारात आठ घंटे उभा होता. घरी आनल्यावर समजलं का लाथा मारते."

दुसरे एक गृहस्थ पुण्याला मुलीकडे पंधरा दिवस राहून आलेले. ते म्हणाले, "पानी एक नंबर गोड आहे गुरुजी. पन मानूस निसतं पानी पिऊन जगते काय? मी पंधरा दिवसात तीन मानसाईशी बोललो. त्यातला एक वॉचमन."

निवृत्त तलाठ्यांनी मुद्द्याचं सांगितलं. "फ्लॅटची चतुःसीमा नीट पाहून घ्या. शेताला चार बाजूंचे चार शेजारी. फ्लॅटला वरचा आणि खालचा धरून सहा. आणि भांडण नेहमी वरच्याशी होतं, कारण नळ त्याचा गळतो."

यातला पाण्याचा मुद्दा मात्र चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हे. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहीर खणली तरी पाणी लागतं ते खारट. डाळ शिजायला ठेवून बाई शेजारी हळदीकुंकवाला जाऊन आली तरी डाळ आपली डाळच. मूत्रपिंडाचे आजार या पट्ट्यात किती घरांत आहेत ते इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. सातपुड्यातल्या वान धरणाचं पाणी तालुक्यात आलं, तेव्हा ज्येष्ठ मंडळींनी पेला तोंडाला लावून डोळे मिटले होते. आमच्याकडे 'गोड' हे विशेषण आधी पाण्याला लागतं, मग साखरेला.

इकडे चिरंजीवांनी दोन दिवसांचा कार्यक्रम व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात मिनिटामिनिटाचा हिशेब होता. शनिवारी सकाळी दगडूशेठ गणपती, मग शनिवारवाडा (शनिवार म्हणून), तुळशीबाग, दुपारी जेवण, सारसबाग, संध्याकाळी पर्वती. रविवारी सिंहगड, पिठलं-भाकरी, येताना खडकवासल्याला पाणी पाहणं. मधे एक तास मेट्रोत बसणं. मेट्रोनं कुठं जायचं ते नव्हतं, नुसतं बसणं.

कार्यक्रम मायेनं आखला होता, यात शंका नाही. पण मला त्यात मामीचे पोहे दिसू लागले. शनिवारवाड्यात कोणी राहायला जात नाही. १८२८च्या आगीनंतर आत राहण्यासारखं काही उरलेलंही नाही. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या मी एकदा चढीन, पण रोज सकाळी दुधाची पिशवी आणायला किती पायऱ्या आहेत, हे त्यात कुठंच नव्हतं. शिवाय यातलं बहुतेक सगळं पुण्यात, आणि आम्ही राहणार वाकडला. वाकड हे पुणे महापालिकेत नाहीच. ते येतं पिंपरी-चिंचवडमध्ये. तिथं १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. बारा वर्षं 'मी पुण्यात राहतो' असं सांगणारा आमचा मुलगा पुणे महापालिकेला घरपट्टीचा एक रुपया देत नाही, हा शोध मला या निमित्तानं लागला. तो नोकरीला जातो हिंजवडीला. तिथं कॉम्प्युटरचं पार्क उभं राहिलं तेव्हा कारभार ग्रामपंचायतीचाच होता. म्हणजे शिकूनसवरून, इंजिनिअर होऊन, पोरगा शेवटी ग्रामपंचायतीच्या हद्दीतच कामाला गेला. हे मी त्याला फोनवर सांगितलं. त्याला ते तितकंसं विनोदी वाटलं नाही.

मग मी स्वतःच कागद घेऊन बसलो. मास्तरला शहर पाहायला सांगितलं तर तो काय करणार? प्रश्नपत्रिका काढणार. एकूण गुण १००. प्रश्न पहिला, पाणी, २० गुण. प्रश्न दुसरा, दवाखाना, २० गुण. तिसरा, भाजी-किराणा, १५. चौथा, चालणं-फिरणं, १५. पाचवा, हवा, १०. सहावा, माणसं, २०. सर्व प्रश्न अनिवार्य.

सौभाग्यवतींनी चष्मा लावून कागद वाचला. म्हणाल्या, "एकाच मुलाची परीक्षा घेतली तर पहिला कोण आला ते कसं कळणार? आपल्या गावालाही बसवा."

हे शास्त्राला धरून होतं. म्हणून आधी वरवट बकालची उत्तरपत्रिका तपासायला घेतली. पक्षपात होऊ नये म्हणून दोघांनी मिळून गुण द्यायचे ठरलं.

पाणी : २०पैकी ७. नळाला कधी येईल त्याची तिथी पंचांगात सापडत नाही, पण येतं तेव्हा गोड येतं. भाजी-किराणा : १५पैकी १३. बाजारातली मेथी सकाळपर्यंत वावरात होती, हे डोळ्यांनी दिसतं. शिवाय पिशवी विसरली तर दुकानदार स्वतःची देतो आणि महिनाभर ती परत मागत नाही. चालणं-फिरणं : १५पैकी १२. घरातून निघालो की सातपुड्याकडे तोंड करून हवं तेवढं चाला, फक्त वाटेत बसायला बोलावणारे भेटतात, त्यामुळे चालणं कमी आणि चहा जास्त. हवा : १०पैकी ४. थंडीला साडेनऊ द्यायला हरकत नव्हती, पण मे महिन्यात कूलरसमोर बसून घाम पुसत तपासल्यामुळे निकाल कडक लागला. माणसं : २०पैकी १९. एक गुण कापला तो समोरच्या लग्नातल्या डी.जे.साठी.

राहिला दवाखाना. तिथं पेन थांबलं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री दीड वाजता सौभाग्यवतींच्या छातीत दुखायला लागलं. घाम सुटला, हात गार पडला. मी भिंतीवरून शेजारी हाक मारली. एकच. दोन मिनिटांत अंगणात सहा माणसं. एकानं जीप काढली, दोघांनी खुर्चीसकट हिला उचलून जीपमध्ये ठेवलं, एक जण टॉर्च घेऊन पुढं बसला. माझ्या खिशात कुणीतरी पैसे कोंबले, ते कुणी ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, घराची काळजी करू नका, मी आहो इथं." आणि खरोखरच सकाळपर्यंत त्या आमच्या ओट्यावर बसून होत्या. अकोल्याला पोचायला पावणेदोन तास लागले. पावसानं रस्ता खराब होता. कार्डिओग्राम झाला, सुई झाली, आणि पहाटे डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. जीपमध्ये सगळे इतके हसले की काही विचारू नका. परत येताना शेगावला थांबून सगळ्यांनी कचोरी खाल्ली. पित्तवालीनं सोडून.

सकाळी चिरंजीवांना फोन केला आणि ही गोष्ट मी रंगवून सांगितली. सहा माणसं, खुर्ची, कचोरी, सगळं. तो हसला नाही. बराच वेळ काही बोललाही नाही. मग म्हणाला, "बाबा, आणि पित्त नसतं तर?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. 'पुण्याला'ला 'च' लागला तो त्या दिवसापासून.

दवाखाना : २०पैकी ३, असं मी लिहिलं. सौभाग्यवतींनी मान हलवली. एकूण बेरीज ५८.

मग ऐकीव माहितीवर पुण्याचा, म्हणजे वाकडचा, कच्चा निकाल लावला. पाणी : १२. तिथंही २०१९च्या नोव्हेंबरपासून महापालिकेचं पाणी एक दिवसाआड सुरू झालं, हे सूनबाईंनी सांगितलं तेव्हा आम्हाला एकदम घरच्यासारखं वाटलं. पण खारं नाही, म्हणून १२. दवाखाना : १९. चिरंजीवांच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर मोठं हॉस्पिटल आहे, बिलाच्या भीतीनं एक गुण कापला. भाजी-किराणा : ११. सगळं घरपोच येतं, पण मेथीला वास नसतो असं सौभाग्यवतींचं मागच्या वेळचं निरीक्षण. चालणं-फिरणं : ७. रस्ता ओलांडायला तिथं जी हिंमत लागते ती या वयात नव्यानं कुठून आणायची? हवा : १०पैकी ९. मे महिन्यात पुण्याला रात्री पांघरूण लागतं, या एका वाक्यावर वऱ्हाडातला माणूस निम्मं सामान बांधायला घेतो.

बेरीज केली. ५८.

मी पुन्हा केली. पुन्हा ५८. आणि माणसांची २० गुणांची जागा अजून कोरी होती.

दोघं त्या कागदाकडे बघत बसलो. कूलरचा आवाज तेवढा चालू होता.

"म्हणजे तिथं माणसांना एक गुण जरी मिळाला तरी पुणं पहिलं?" त्या म्हणाल्या.

"गणित असं सांगतं."

"मग तुम्ही सिंहगड कशाला पाहता? तो एक गुण आहे का ते पाहा."

आता हा गुण पाहायचा कसा? पाणी नळ सोडून पाहता येतं. दवाखाना घड्याळ लावून पाहता येतो. पण रात्री दीड वाजता हाक मारली तर कुणाचं दार उघडेल, हे शनिवारी सकाळी नऊ वाजता कसं पाहणार? 'साहेब, आम्ही तुमच्या शेजारी राहायला यायचं म्हणतोय, आम्हाला छातीत दुखलं तर तुम्ही खुर्ची उचलाल का?' असं बेल वाजवून विचारता येत नाही. विचारलं तरी लोक हो म्हणतील, आणि खालच्या वॉचमनला आमच्यावर लक्ष ठेवायला सांगतील. बरं, दार न उघडणारी माणसं वाईट असतात असंही नव्हे. त्यांना आपण कोण हे माहीत नसतं, एवढंच. इथं त्या सहा जणांपैकी चौघांना मी बाराखडी शिकवली होती आणि पाचव्याच्या बापाला. त्या हाकेमागं चौतीस वर्षांची हजेरी होती. ती हजेरी ट्रान्स्फर सर्टिफिकेटवर दुसऱ्या गावी नेता येत नाही.

याच सुमारास भेंडवळची घटमांडणी झाली. आमच्या शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात मोठं गोल आखून कडेनं अठरा तऱ्हेची धान्यं मांडतात. मधे खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्यानं भरलेली घागर, त्यावर पापड, सांडोई, कुरडई, विड्याचं पान आणि सुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. सकाळी जाऊन पाहायचं, कुठला दाणा हलला, कुठलं ढेकूळ भिजलं, पान जागेवर आहे का, आणि त्यावरून वर्षभराच्या पावसाचं, पिकाचं, राजाच्या गादीचं भाकीत. शास्त्रज्ञांना हे मान्य नाही आणि मास्तर म्हणून मलाही मान्य नाही. पण एका रात्रीवरून वर्ष ओळखण्याची हौस आमच्या मातीतच आहे, हे कबूल करायला हवं. ऐकून आलेला आमचा शेजारी ओट्यावर बसून सांगत होता, यंदा मूग कसा, तूर कशी, राजा कायम का नाही. सौभाग्यवती ऐकता ऐकता ताक घुसळत होत्या.

रात्री त्यांनी माझ्या कागदावरच्या रविवारवर काट मारली. पर्वतीवर मारली, सिंहगडावरही मारली. शनिवार संध्याकाळच्या रकान्यात एकच शब्द लिहिला : विरजण.

मला बोध होईना.

"शनिवारी संध्याकाळी मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवणार," त्या म्हणाल्या. "विरजण मागणार. वाटीभर नाही, चमचाभर."

हे चिरंजीवांना फोनवर सांगितलं तर सूनबाईंनी फोन घेतला. "आई, अहो दही दहा मिनिटांत घरी येतं. मोबाईलवरून मागवते की!"

"दही येतं गं," सौभाग्यवती म्हणाल्या. "विरजण कुठून येतं?"

सूनबाई थोडं थांबल्या. समोर कोण राहतं ते त्यांना नक्की सांगता येईना. नावाची पाटी आहे, दोन मुलं आहेत, बाई लिफ्टमध्ये हसतात, एवढं म्हणाल्या. मग आपण होऊन म्हणाल्या, "मीही येते तुमच्याबरोबर. चार वर्षं झाली, मीपण कधी बेल वाजवली नाही."

तर आता कार्यक्रम पक्का आहे. शुक्रवारी शेगावहून गाडी. शनिवारी सकाळी नळ आणि दुपारी घड्याळ लावून दवाखाना. संध्याकाळी दोघी जणी समोरचं दार वाजवतील. मिळालं तर ते विरजण कोमट दुधात घालून वाटी ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवायची, आणि रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही, मी तर नाहीच. रविवारी सकाळी भाकीत.

डब्यात तूप आहे, वर तुरीची डाळ आहे. ती गोड पाण्यात किती वेळात शिजते ते पाहायचं आहे. समोरच्यांसाठी वेगळी पुडी बांधली आहे. विरजण द्या, न द्या, पुडी द्यायचीच, असं ठरलं आहे.

"आणि दही नाही लागलं तर?" पिशवीची चेन लावता लावता मी विचारलं.

"पहिल्या वेळी कुठं नीट लागतं?" त्या म्हणाल्या. "त्या मजल्यावर चार दारं आहेत. दुसऱ्या दाराचं आणू."